हवेचा जमाखर्च : खेळण्यातील हवेच्या बंदुकीचा अभ्यास

खेळणे म्हणजे केवळ करमणुकीचे साधन, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु जे खेळणे हाती घेताच 'ह्याच्या पोटात काय असेल?' असा प्रश्न मनात उभा राहतो, ते खेळणे करमणुकीच्या प्रांतातून विद्येच्या प्रांतात येते. हवेच्या दाबावर फोमची मऊ गोळी फेकणारी बंदूक हे अशा खेळण्यांपैकी एक होय. ही बंदूक ज्याच्या घरी येते, त्या मुलाच्या मनात दोन दिवसांतच एक इच्छा मूळ धरते : हिची गोळी अधिक लांब आणि अधिक नेमकी कशी जाईल?

ह्या प्रश्नाला मित्रमंडळींकडून सहसा तीन उत्तरे मिळतात. पंप अधिक वेळा मारावा. आतील स्प्रिंग काढून अधिक कडक घालावी. आणि हवा अडवणारी जी जी झडप दिसेल ती काढून टाकावी. तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की, जोर वाढवला म्हणजे काम वाढते. प्रस्तुत लेखात ही समजूत आम्ही तपासून पाहणार आहोत. बंदुकीत भरलेल्या जोरापैकी बराचसा भाग गोळीपर्यंत पोहोचतच नाही, असे आपल्याला आढळून येईल. तेव्हा 'जोर किती वाढवावा' हे विचारण्यापूर्वी 'आहे तो जोर कोठे नाहीसा होतो' हे विचारले पाहिजे. व्यापारी जसा दिवाळीला जमाखर्चाची वही मिटवण्यापूर्वी पै न् पैचा ताळा घेतो, तसा आपण हवेचा ताळा घेऊ.

हवेची उसळी

प्रथम एक अगदी सोपा प्रयोग करावा. सुई नसलेली इंजेक्शनची स्वच्छ, नवी पिचकारी घ्यावी. दट्ट्या निम्म्यावर ठेवून पिचकारीचे तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या आत दाबावा. थोडे अंतर तो सहज जातो, पुढे पुढे जड होतो, आणि हात सोडताच मागे उसळतो. आत स्प्रिंग नाही. तेथे आहे ती केवळ हवा. हवेच्या अंगी असलेल्या ह्या उसळीवर रॉबर्ट बॉइल ह्या शास्त्रज्ञाने १६६० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिचा नियम मांडला : तापमान तेच राहिल्यास हवेचे आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो, आकारमान तिसऱ्या हिश्श्यावर आणले की दाब तिप्पट होतो.

हा नियम पाठ नसतानाही तो वापरता येतो, ह्याचे सुंदर उदाहरण आपल्याच देशात आहे. बस्तरमधील जगदलपूर येथे रथयात्रेच्या सुमारास गोंचा नावाचा उत्सव होतो. त्यात लोक बांबूची 'तुपकी' घेऊन येतात. तिच्या नळीत 'पेंग' म्हणजे मालकांगोणीचे हिरवे फळ ठासतात. एक फळ नळीच्या पुढच्या टोकाशी जाऊन बसते. दुसरे फळ काठीने मागून रेटले जाते. दोन फळांच्या मध्ये कोंडलेली हवा आक्रसत जाते, तिचा दाब वाढतो, आणि अखेर पुढचे फळ फट्कन बाहेर उडते. दट्ट्या, नळकांडे, कोंडलेली हवा आणि गोळी ही चारही अंगे येथे हजर आहेत. दुकानातील प्लास्टिकची बंदूक ही ह्याच तुपकीची सुधारलेली बहीण आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

एका अभियंत्याचे उदाहरण

फोमच्या खेळण्यांचा जन्म अमेरिकेतला. पार्कर ब्रदर्स ह्या कंपनीने १९७० मध्ये 'नर्फ' नावाचा फोमचा चेंडू बाजारात आणला. घरात खेळला तरी काचा फुटत नाहीत, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे १९९२ मध्ये त्याच नावाखाली फोमच्या गोळीची बंदूक आली. परंतु हातपंपाने हवा साठवून ती एकदम सोडण्याची युक्ती खेळण्यात ज्याने घरोघर पोहोचवली, त्या लॉनी जॉन्सन ह्या अभियंत्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

जॉन्सन ह्यांचा जन्म १९४९ मध्ये अलाबामा राज्यातील मोबील ह्या गावी झाला. वर्णभेदाचे ते दिवस होते. अलाबामा विद्यापीठाच्या दारात १९६३ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरांनी स्वतः उभे राहून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवली होती. त्याच विद्यापीठात १९६८ मध्ये शालेय विज्ञान प्रदर्शन भरले. त्यात भाग घेणारा एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून जॉन्सन आले. त्यांनी टाकाऊ वस्तूंतून बनवलेला 'लायनेक्स' नावाचा यंत्रमानव दाबलेल्या हवेवर हालचाल करीत असे. पहिले पारितोषिक त्यालाच मिळाले.

पुढे जॉन्सन अंतराळ संशोधनात गेले. गुरू ग्रहाकडे पाठवलेल्या गॅलिलिओ यानाच्या कामात ते होते. १९८२ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या उष्णतापंपाचा प्रयोग ते घरी करीत होते. स्नानगृहातील नळाला जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरदार धार सुटली आणि तिच्यावरून त्यांना खेळण्याची कल्पना सुचली. त्या पिचकारीचे एकस्व त्यांना १९८६ मध्ये मिळाले, १९९० मध्ये ती बाजारात आली आणि १९९१ पासून 'सुपर सोकर' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. हवेच्या दाबावर फोम फेकणारी खेळणीही त्यांनी नंतर बनवली. ह्या सर्वांमागचे तत्त्व एकच आहे. हात दुबळा असला तरी तो पुनःपुन्हा काम करू शकतो. त्याचे श्रम सावकाश साठवावेत आणि साठवलेले सारे एका क्षणात सोडावे.

बंदुकीची रचना

हवेवर चालणाऱ्या ह्या बंदुका मुख्यत्वे दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत मोठ्या नळकांड्यात दट्ट्या असतो आणि त्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग दाबून अडकवली जाते; चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा गोळीला ढकलते. दुसऱ्या जातीत हातपंपाने एका लहान टाकीत हवा भरली जाते. चाप ओढला की झडप उघडते आणि टाकीतील हवा नळीत शिरते. चक्रांवर गोळी फेकणाऱ्या विजेच्या बंदुकाही मिळतात. परंतु त्यांत हवेचा संबंध नसल्यामुळे येथे त्यांचा विचार केलेला नाही. आपण प्रामुख्याने टाकीच्या बंदुकीचा हिशेब मांडू, कारण तो स्वच्छ मांडता येतो.

गोळी साधारणतः एक ग्रॅम वजनाची आणि १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच व्यासाची असते. तिचे अंग फोमचे व तोंड मऊ रबराचे असते.

जमेची बाजू

समजा, टाकीचे आकारमान २० घन सेंटीमीटर आहे आणि पंपाने आतील दाब वातावरणाच्या तिप्पट केला आहे. बाहेरून वातावरणाचा एकपट दाब उलट दिशेने असतोच. म्हणून उपयोगी पडणारा जादा दाब दुप्पट राहिला. गोळीच्या पाठीचे क्षेत्रफळ १.२७ चौरस सेंटीमीटर. ह्यावरून गोळीवर आरंभी सुमारे अडीच किलोग्रॅम वजनाइतका रेटा पडतो. एक ग्रॅमच्या वस्तूला अडीच किलोग्रॅमचा रेटा! ह्यापेक्षा अधिक जोराची गरज आहे काय, असा प्रश्न येथेच पडावा.

गोळी पुढे सरकते तसतशी तिच्या मागची जागा वाढते आणि दाब उतरतो. दाब उतरून वातावरणाएवढा झाला की रेटा संपला. त्यापुढे नळी जितकी लांब असेल तितकी ती गोळीला केवळ घासून अडवील. इतकेच नव्हे तर मागे विरळ झालेली हवा गोळीला परत ओढील. बॉइलच्या नियमाने पाहता २० घन सेंटीमीटर हवा तिप्पट पसरून ६० झाली म्हणजे हा क्षण येतो. त्यातून टाकीचे २० वजा करता नळीचे आकारमान ४० आणि लांबी सुमारे साडेएकतीस सेंटीमीटर येते. परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचे बूड तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. दाबताना हवा तापते, तशी एकदम पसरताना ती थंड होते आणि तिचा दाब नियमापेक्षा लवकर उतरतो. ती थंडी हिशेबात धरली तर हवा ६० ऐवजी सुमारे ४४ घन सेंटीमीटरपर्यंतच उपयोगी पडते आणि नळीची लांबी १९ सेंटीमीटरच्या आसपास येते. घर्षण धरल्यास ती आणखी कमी. 'नळी जितकी लांब तितका मारा लांब' ही समजूत येथेच गळून पडते.

ह्या पसरण्यात हवेकडून गोळीला मिळू शकणारी ऊर्जा हिशेबाने सुमारे १.७ ज्यूल येते. ती सर्वच्या सर्व एका ग्रॅमच्या गोळीला मिळाली असती, तर गोळी सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने सुटली असती. आता समजा, ह्या बंदुकीची गोळी प्रत्यक्षात सेकंदाला २१ मीटर वेगाने सुटते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणारी संख्या. ती येथे ०.२२ ज्यूल येते. जमा १.७, पदरात ०.२२. जुन्या हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर रुपयातील जेमतेम दोन आणे गोळीला मिळाले. उरलेले चौदा आणे गेले कोठे?

खर्चाची बाजू

पहिला चोर म्हणजे गळती. दट्ट्यावरील रबरी कडे झिजले किंवा कोरडे पडले, टाकीचा सांधा सैल झाला, की पंप मारत असतानाच हवा निसटू लागते. गळती शोधण्याची विद्या आपल्याला सायकल दुरुस्त करणाऱ्याने केव्हाच शिकवली आहे. तो ट्यूब पाण्याच्या परातीत बुडवून बुडबुडे पाहतो. आपण सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. मात्र दाबताना तापलेली हवा पुढे निवते, त्यामुळे गळती नसतानाही दाब किंचित उतरतो. म्हणून पंप मारल्यावर थोडे थांबून मगच परीक्षा करावी. रबरी कड्याला सिलिकोनचे ग्रीस अगदी थोडे लावावे. खनिज तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. त्याने काही जातींचे रबर फुगते व बिघडते. आट्यांच्या सांध्यावर नळकाम करणारे लोक वापरतात ती टेफ्लॉनची पांढरी फीत पुरते.

दुसरा चोर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. झडप आणि गोळीची पाठ ह्यांच्या मध्ये जी रिकामी जागा असते, ती हवेला आधी भरावी लागते आणि त्यात काहीच काम होत नाही. वरील उदाहरणात ही जागा ४ घन सेंटीमीटर असेल, तर २० घन सेंटीमीटर जागेतील तिप्पट दाबाची हवा आणि ४ घन सेंटीमीटर जागेतील एकपट दाबाची हवा मिळून २४ घन सेंटीमीटर जागा व्यापतात. दाब तीनवरून २.६७ वर येतो. उपयोगी जादा दाब दोनचा १.६७ झाला, म्हणजे गोळी हलण्यापूर्वीच सहावा हिस्सा बुडाला. गोळी झडपेच्या जितकी जवळ बसेल तितका हा तोटा कमी. जोडनळ्या आखूड करणे ही ह्या खेळण्यातील एक उत्तम आणि निरुपद्रवी सुधारणा होय.

तिसरा चोर म्हणजे अरुंद वाट आणि आळशी झडप. १९ सेंटीमीटर नळीतून गोळी बाहेर पडण्यास किती वेळ लागतो? शेवटचा वेग २१ धरला आणि सरासरी त्याच्या निम्मी मानली, तर सेकंदाचा सुमारे पंचावन्नावा भाग. एवढ्या अवधीत झडप पूर्ण उघडून टाकी रिकामी झाली नाही, तर उरलेली हवा गोळी गेल्यानंतर फुसकन बाहेर पडते. चाप ओढल्यावर गोळीमागून हवेचा लांब सुस्कारा ऐकू आला, तर तो खर्चाच्या बाजूचा आवाज समजावा. वाटेचा व्यास निम्मा झाला की तिचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, हे भूमितीचे सूत्र येथे विसरू नये.

चौथी बाब नळीच्या मापाची. गोळी नळीत सैल बसली तर हवा तिच्या बाजूने निसटते. घट्ट बसली तर घर्षण ऊर्जा खाते. गोळी हलक्या फुंकरीने सरकावी, पण नळी तिरपी केल्यावर आपोआप गळून पडू नये, असे माप चांगले. लांबीचा विचार वर झालाच आहे. स्प्रिंगच्या जातीत नळकांड्याचे आकारमान नळीच्या आकारमानाच्या सुमारे तिप्पट-चौपट ठेवण्याचा प्रघात ह्या छंदातील लोकांत आहे. त्याचे कारण हाच हिशेब.

हवेतील प्रवास

नळीच्या तोंडाशी हवेचे मित्रत्व संपते आणि वैर सुरू होते. हवा नसती तर सेकंदाला २१ मीटर वेगाची गोळी ४५ अंशांत फेकल्यावर सुमारे ४५ मीटर गेली असती. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. विरोधाचा गुणांक ०.७ धरून हिशेब केला, तर आरंभी हवेचा अडथळा गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून अधिक येतो. वेग दुप्पट केला तर हा अडथळा चौपट, म्हणजे वजनाच्या नऊपटीहून अधिक होतो. दगडाला जे जमते ते पिसाला का जमत नाही, ह्याचे उत्तर येथे आहे. गोळी हलकी आहे तोवर वेग दुप्पट करून टप्पा चौपट होणार नाही; त्या ज्यादा वेगाचा मोठा भाग हवाच परत घेईल.

नेमकेपणाचा प्रश्न तर वेगाहून निराळा आहे. बाणाचे पाते जड आणि शेपटी पिसांची असते, म्हणून बाण सरळ जातो. फोमच्या गोळीतही रबराचे तोंड जड आणि मागचे अंग हलके असते, ते ह्याच हेतूने. गोळी वाकली, चेपली, तिचे तोंड तिरपे झाले, की ती कितीही वेगाने सोडली तरी भरकटते. नव्या स्प्रिंगवर पैसा घालण्याआधी चेपलेल्या गोळ्या वेगळ्या काढाव्यात. नेमकेपणा पुष्कळदा एवढ्यानेच सुधारतो.

काढू नये असे भाग

आतापर्यंत आपण जे अडथळे पाहिले ते वाया घालवणारे होते. परंतु बंदुकीत काही अडथळे मुद्दाम ठेवलेले असतात. उधळपट्टी आणि मर्यादा ह्यांतील भेद ज्याला कळला नाही, त्याने हत्यार हाती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टाकीवरील सुरक्षा-झडप ठरावीक दाबानंतर जादा हवा सोडून देते. ती बंद केली तर पंप मारता येतो तितका दाब वाढतो आणि टाकीच्या भिंतीवरील ताण त्याच प्रमाणात वाढतो. टाकी चिकटवलेल्या प्लास्टिकची असते. तिचे सांधे वर्षानुवर्षांच्या वापराने थकलेले असतात. ती केव्हा फुटेल हे बाहेरून दिसत नाही, आणि ती डोळ्यांजवळ धरलेली असते. काही जण टाकीच्या जागी पाण्याची पीव्हीसी नळी बसवतात. ही नळी दाबलेल्या हवेसाठी बनवलेली नसते. फुटली तर तिचे धारदार तुकडे उडतात. हा प्रयोग कोणीही करू नये.

पुष्कळ बंदुकांच्या नळीत एक लहान हवारोधक असतो. नळीत गोळी नसेल तेव्हा तो हवा अडवतो. त्यामुळे रिकामा चाप ओढला तरी दट्ट्या पुढच्या भिंतीवर आदळत नाही; समोरची हवा त्याला उशीसारखी झेलते. तो काढला तर गोळीला हवा थोडी अधिक मिळते हे खरे. परंतु एकदा रिकामा चाप ओढला की प्लास्टिकच्या भिंतीला तडा जाण्याची शक्यता असते. कडक स्प्रिंगचेही तसेच. तिला अडकवून धरणारा लहानसा खटका जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो.

सर्वांत मोठी मर्यादा डोळ्याची आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत दिली. दोन प्रौढ आणि अकरा वर्षांचा एक मुलगा. तिघांच्याही डोळ्यांत फोमची गोळी लागून बुबुळाच्या पुढच्या भागात रक्तस्राव झाला होता. फोम मऊ असतो. परंतु डोळा त्याहून मऊ असतो.

युरोपातील खेळण्यांच्या मानकात मऊ तोंडाच्या गोळीसाठी दर चौरस सेंटीमीटरला पाव ज्यूल ही ऊर्जेची मर्यादा घातलेली आहे. आपली गोळी पूर्ण तोंडाने टेकते असे धरले, तर सेकंदाला २१ मीटर वेगाला हा आकडा ०.१७ येतो, सुमारे २५ मीटर वेगाला मर्यादा गाठली जाते, आणि वेग दुप्पट, म्हणजे ४२ मीटर केला, तर ०.६९, म्हणजे मर्यादेच्या पावणेतीन पट. तोंड गोलसर असून थोडेच टेकले तर मर्यादा ह्याहूनही आधी ओलांडली जाते. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. परंतु ती परीक्षा कारखान्यातून निघालेल्या खेळण्याची असते. आपण ते बदलल्यावर त्या चिन्हाची हमी उरत नाही. हमी आपल्याच शिरावर येते.

वाचलेल्या आण्यांचे काय करावे?

मग सुधारणा करूच नये काय? अवश्य करावी, परंतु वाचलेली ऊर्जा कोठे खर्चावी ह्याचा विचार करावा. समजा, गळती बंद करून, रिकामी जागा कमी करून आणि नळी योग्य लांबीची ठेवून दोन आण्यांचे चार आणे झाले. त्याच दाबावर गोळीचा वेग आता सेकंदाला सुमारे ३० मीटर होईल. म्हणजे वरील मर्यादा ओलांडेल. त्याऐवजी वेग पूर्वीचाच, २१ मीटर, ठेवला तर काय होईल? हिशेब असा निघतो की, जादा दाब दुपटीऐवजी सुमारे १.४ पट भरला तरी पुरतो. टाकीवरील ताण तीन दशांशांनी उतरला, पंप हलका झाला, धाकट्या भावंडालाही तो मारता येऊ लागला, आणि गळती नसल्यामुळे प्रत्येक गोळी सारख्या वेगाने सुटू लागली. सारख्या वेगाची गोळी सारख्या ठिकाणी जाते. आम्हांला हीच खरी सुधारणा वाटते.

मोजण्याची रीत

'आता गोळी लांब जाते' असे नुसते वाटणे हा पुरावा नव्हे. वेग मोजण्याची एक जुनी आणि शाळेत करण्याजोगी रीत बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये प्रसिद्ध केली; तिला प्रक्षेप्य-लंबक म्हणता येईल. पुठ्ठ्याची एक बाजू उघडी असलेली पेटी घ्यावी, तीत कापूस भरावा आणि गोळीसह तिचे वजन बरोबर १०० ग्रॅम करावे. चार धाग्यांनी ती एक मीटर खाली टांगावी. पेटीमागे पट्टी आणि पेटीच्या रेट्याने सरकेल असा कागदाचा हलका तुकडा ठेवावा. बंदुकीचे तोंड पेटीपासून अर्धा मीटर दूर असावे, नाहीतर हवेचा झोतच पेटीला ढकलील. गोळी कापसात रुतून बसली पाहिजे. ती उडून परत आली तर ते मापन सोडून द्यावे.

एक ग्रॅमच्या गोळीचा संवेग आता शंभर ग्रॅमच्या पेटीत वाटला जातो. म्हणून पेटीचा वेग गोळीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. ह्या मापाच्या लंबकात पेटी जितके सेंटीमीटर सरकेल, त्या संख्येला ३.१३ ने गुणले की गोळीचा वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो. पेटी ६.७ सेंटीमीटर सरकली तर वेग सुमारे २१ मीटर.

मापनाचे तीन नियम पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा. प्रत्येक बदलानंतर निदान दहा गोळ्या सोडून सरासरी काढावी, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील अंतरही वहीत लिहावे. प्रयोग चालू असताना उपस्थित सर्वांनी संरक्षक चष्मा लावावा आणि बंदूक, रिकामी असो वा भरलेली, कोणाच्या तोंडाकडे रोखू नये. हे काम शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे, हे सांगावयास नकोच.

समारोप

आरंभी सांगितलेली तीन उत्तरे आता पुन्हा तपासून पाहू. अधिक पंप मारल्याने ताण वाढतो, आणि गळक्या बंदुकीत त्यातील पुष्कळसा भाग गळून जातो. कडक स्प्रिंग खटका झिजवते. झडपा सरसकट काढल्याने चोराबरोबर पहारेकरीही घराबाहेर जातो. ह्याउलट साबणाचे पाणी, थोडे ग्रीस, योग्य लांबीची नळी, सरळ गोळी आणि आकड्यांची वही ह्या पाच गोष्टींना खर्च फार थोडा लागतो आणि त्यांचे फळ मोजून दाखवता येते.

विद्यार्थिमित्रहो, पुढे तुमच्यापैकी कोणी पाण्याचे पंप, कोणी गाड्यांची एंजिने, कोणी रुग्णांना श्वास देणारी यंत्रे हाताळतील. त्या प्रत्येक यंत्रात दट्ट्या असेल, झडप असेल, गळती असेल आणि कोणाच्या तरी जिवासाठी घातलेली एक मर्यादाही असेल. त्यांतील कोणता अडथळा दूर करावा आणि कोणता जपावा, हे ओळखण्याचा सराव आज पन्नास पैशांच्या रबरी कड्यावर झाला, तर तो उद्या मोठ्या यंत्रापुढे उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.